डॉक्टरांचा सायलेन्सर

हैदराबादच्या हिमायतनगरमधल्या त्या घरात मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला नोकरी विचारली नाही, आडनाव विचारलं नाही, लग्नाचंही विचारलं नाही. व्हरांड्यातल्या खुर्चीत उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाले, "आ कर."

पुण्याहून येऊन मला चारच दिवस झाले होते, आणि तीन घरमालकांनी नाही म्हटलं होतं. मी आ केला.

"रात्री दात खातेस," ते म्हणाले. "दाढा झिजल्यात. बरं आहे. दात खाणारी माणसं भांडत नाहीत, सगळं आतल्या आत ठेवतात. वरची खोली तुझी. सामान कधी आणायलीस?"

ते दातांचे डॉक्टर होते. चाळीस वर्षं जामबागेत दवाखाना चालवून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा मराठवाड्यातली शेती भावांवर सोडून नोकरीसाठी हैदराबादला आले आणि कुटुंब इथलंच झालं. त्यामुळे डॉक्टरांचं मराठी आम्हा पुणेकरांच्या कानाला पहिल्यांदा अडखळायचं. 'हो'ला ते 'हौ' म्हणत, 'कशाला'ला 'कामून'. रागावले की उर्दूत जात आणि हिशेब तेलुगूत करत. गल्लीत त्यांना सगळे डॉक्टरसाब म्हणायचे. मीही डॉक्टरच म्हणायचे. त्यांच्या बायकोला मात्र पहिल्या दिवसापासून काकू.

घरात डॉक्टर, काकू आणि गाडी असे तिघं राहतात, असं काकू सांगायच्या. ती गाडी म्हणजे दोन दारांची, बसकी, करड्या मोत्यासारख्या रंगाची जपानी स्पोर्ट्स कूप. डॉक्टरांच्या एका पेशंटनं ती नवी असताना थेट जपानहून मागवली होती. तो दाढेच्या कामासाठी तिच्यातून जामबागेत यायचा आणि काम झालं की डॉक्टर त्याला सोडायला रस्त्यापर्यंत जायचे. बाकी कुठल्याच पेशंटला ते दारापर्यंतही सोडत नसत. गाडी सुरू होतानाचा आवाज ऐकायचा असायचा त्यांना. पेशंट कायमचा परदेशातल्या मुलाकडे जायला निघाला तेव्हा त्यानं गाडी डॉक्टरांनाच दिली. तिला सोडायला दर वेळी रस्त्यावर येणारा दुसरा माणूस त्याला भेटला नसणार.

रोज सकाळी नऊ वाजता डॉक्टर जुने टूथब्रश घेऊन चाकांच्या काड्या घासत बसायचे. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर, दात घासायला शिकवावं तसं. मग काकू कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन डावीकडे बसायच्या आणि दोघं तळ्याकाठच्या टँकबंडवरून एक चक्कर मारून यायचे. रिक्षा त्यांना मागे टाकून जायच्या. एवढी वेगासाठी बनवलेली गाडी इतक्या हळू का चालवता, असं मी एकदा विचारलं. "घाई असती तर मी दात काढले असते," ते म्हणाले. "मी तर वाचवत होतो."

मी राहायला गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्यांची एक तक्रार सुरू झाली. गाडी बोलत नाही.

"आधी कशी बोलायची," ते म्हणायचे. "चावी फिरवली की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस वळून बघायचा. आता मुकी झाली. सायलेन्सर आतून भरला असणार."

मला तिचा आवाज वरच्या खोलीत, दार लावूनही, व्यवस्थित यायचा. पण मी भाडेकरू होते आणि गाडीतलं मला काही कळत नव्हतं. जुना सायलेन्सर काढून बाहेरच्या कंपनीचा नवा बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. कुठला, ते काही ठरेना. एकट्या त्यांच्या गाडीसाठी डझनभर कंपन्या सायलेन्सर बनवत होत्या. कुणाचा स्टीलचा, कुणाचा टायटॅनियमचा, कुणाचा एका डब्याचा, कुणाचा दोन डब्यांचा. प्रत्येकाचा आवाज लोकांनी रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकलेला. माझ्याकडे बरे स्पीकर होते. त्यामुळे दर रविवारी सकाळी काकूंच्या हातचं उप्पीट आणि मग जेवणाच्या टेबलावर सायलेन्सर, असा आमचा कार्यक्रम ठरला.

त्यांची ऐकायची पद्धत वेगळीच होती. ते कान पुढे करायचे नाहीत. जीभ दाबायची लाकडी पट्टी दातांत धरायचे, तिचं दुसरं टोक स्पीकरला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मग पट्टी काढून जुन्या दवाखान्यातलं एक कोरं पेशंट-कार्ड पुढे ओढायचे. त्यावर बत्तीस दातांची आकृती छापलेली असायची. प्रत्येक सायलेन्सरला एक कार्ड. नावाच्या जागी कंपनीचं नाव, वयाच्या जागी नळीचा व्यास. आवाज ज्या दातात जाणवला त्याच्यावर फुली.

"हा बघ," ते म्हणायचे, "अक्कलदाढेपर्यंत गेला. खानदानी आहे."

एका रविवारी मी त्यांना टायटॅनियमचा एक प्रसिद्ध सायलेन्सर ऐकवला. पातळ पत्र्याचा, तीक्ष्ण, झांजेसारखा आवाज होता त्याचा. स्वयंपाकघरातून काकू कानावर हात ठेवून बाहेर आल्या. डॉक्टर पट्टी दातांत धरून वाट बघत बसले होते.

"लाव की," ते म्हणाले.

"लावलाय, डॉक्टर."

"कुठे? नुसतं गुरगुरतंय मागे."

मी आवाज आणखी वाढवला. त्यांनी मान हलवली, कार्डावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'आवाज नाही.' मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे न बघता आत गेल्या.

मला हळूहळू सगळं आठवायला लागलं. माझ्या खोलीतली गाणी खाली त्यांना कशी ऐकू यायची ते त्यांनी एकदा सांगितलं होतं: "तुझ्याकडे गाणारं कुणी नसतं का? नुसता तबला वाजत असतो." दाराची घंटा त्यांना कधीच ऐकू आली नव्हती. कुकरची शिट्टी व्हायची आणि ते शांतपणे पेपर वाचत बसायचे. पण आमचं बोलणं त्यांना बरंचसं कळायचं, काकूंचं तर सगळंच. म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

काकूंचा आवाज जड होता. संथ, खर्जातला, बाईमाणसाला क्वचित असतो तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा या एके काळी रेडिओवर असतील, असं मला वाटलं होतं.

त्याच महिन्यात एका दुपारी मी गच्चीवर कपडे आणायला गेले, तर पाण्याच्या टाकीमागून एका मुलीचा आवाज येत होता. बारीक, किणकिणता, भराभर बोलणारा. मधेच ती हसत होती. कुणाची पाहुणी आलीय म्हणून मी टाकीला वळसा घातला. तिथे काकू एकट्याच होत्या, सांडग्यांच्या ताटाशी बसून, फोन कानाला लावून. नांदेडच्या बहिणीशी बोलत होत्या. मला बघितलं आणि त्या थांबल्या. "नंतर करते गं," असं फोनमध्ये म्हणाल्या, त्या बारीक आवाजात. मग फोन ठेवून मला म्हणाल्या, "बस." हा आवाज नेहमीचा, जड.

मी बसले.

"सात वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "आधी मला म्हणायचे, तू पुटपुटतेस, नीट बोल. मग म्हणाले, तू माझ्याशी बोलणंच सोडलंस. मी कानाला मशीन लावू म्हटलं, तर दोन दिवस जेवले नाहीत. दवाखाना चालू होता तेव्हा. मशीनवाल्या डॉक्टरपुढे कोण तोंड उघडील, म्हणायचे."

"मग?"

"मग माझ्या लक्षात आलं, वॉचमन बोलला की त्यांना ऐकू येतं. दूधवाला बोलला की येतं. म्हणून देवघराचं दार लावून रोज जरा जरा आवाज खाली उतरवला. एक दिवस जेवताना म्हणाले, आता कशी नीट बोलायलीस."

"घसा नाही दुखत?"

"आधी दुखायचा. आता एकटी असले तरी हाच येतो. बहिणीशी बोलताना तेवढा तो जुना निघतो." त्यांनी एक सांडगा उलटा केला. "त्यांना कळू देऊ नको. माझी शपथ आहे. त्यांना वाटतं, कान चांगले आहेत. वाटू दे."

मी शपथ घेतली. ती तेव्हाच मोडायला हवी होती, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

शेवटी डॉक्टरांनी एक सायलेन्सर निवडला. स्टीलचा, जाड नळीचा, जपानी कंपनीचा. चार अक्कलदाढांवर फुल्या असलेलं ते एकच कार्ड होतं. दोन महिन्यांनी लांबलचक खोक्यातून तो आला आणि आम्ही तिघं अफझलगंजच्या मागच्या एका गल्लीत गेलो. तिथे एका उस्तादांचं छोटं गॅरेज होतं. साठीचे गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी. डॉक्टरांनी त्यांची पुढची कवळी बसवलेली, त्यामुळे डॉक्टरांशी ते हात बांधून बोलायचे.

उस्ताद गाडीखाली गेले, जुना सायलेन्सर ठोकून बघितला आणि बाहेर आले.

"साब, इसमें कुछ खराबी नै है. आवाज बराबर आरा."

"मेरेकू नै आरा ना," डॉक्टर म्हणाले.

उस्तादांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ते खोक्यातला माल बघायला वाकले. नव्या सायलेन्सरबरोबर मधल्या जागेसाठी दोन तुकडे आले होते: एक आवाज दाबणारा डबा आणि एक सरळ नळी. दोन्हींपैकी काय लावायचं ते आपल्यावर होतं. डॉक्टरांनी नळीवर बोट ठेवलं.

"डब्बा नै लगाए तो गाडी के अंदर गूंज भर जाती, साब," उस्ताद म्हणाले. "हायवे पे तो बाजू में बैठे सो की बात भी नै सुनाई देती."

"भरने दो. मेरेकू वहीच होना."

काकू बाकावर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी पदर सावरला आणि दुसरीकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही आउटर रिंग रोडला निघालो. डॉक्टरांनी मला आग्रहानं मागे बसवलं. त्या गाडीच्या मागच्या जागा म्हणायलाच आहेत. मी गुडघे हनुवटीला लावून आडवी बसले. गाडी सुरू झाली आणि माझ्या पाठीतून आवाज वर चढला. कानानं ऐकावा असा तो आवाज नव्हताच. पोटात कुणीतरी मोठा नगारा ठेवल्यासारखं वाटत होतं. डॉक्टर एका हातानं गिअरची मूठ धरून होते. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. सत्तरीच्या माणसाचा इतका आनंदी चेहरा मी तोवर पाहिला नव्हता.

"बोलली," ते ओरडले. "बघ, बोलली की नाही."

काकू हसल्या. रिंग रोडला लागल्यावर त्यांनी टँकबंडच्या वाटेवर बोलतात तसं काहीतरी बोलायला सुरुवात केली. बहुधा कुणाच्या लग्नाचं. डॉक्टर समोर बघत राहिले. काकू पुन्हा बोलल्या. त्यांचा तो प्रयत्नानं उतरवलेला जड आवाज आणि सायलेन्सरचा आवाज एकाच पट्टीत होते. एकानं दुसऱ्याला पुरता गिळला. मला मागे ओठ हललेले दिसत होते, शब्द नाही. थोड्या वेळानं काकू बोलायच्या थांबल्या आणि पर्सवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसल्या.

परतायला म्हणून डॉक्टरांनी गाडी डावीकडे घ्यायला सुरुवात केली. त्या बाजूनं एक लॉरी येत होती. तिचा हॉर्न वाजला. डॉक्टर वळतच राहिले. तेव्हा काकू ओरडल्या, "अहो, लॉरी." गच्चीवरचा तो बारीक आवाज, सगळ्या घुमण्याला चिरून गेला. मला तो लख्ख ऐकू आला. डॉक्टरांना आला नाही. मी मागून त्यांचा खांदा ओढला. त्यांनी चाक फिरवलं, लॉरी आमच्या आरशाला वारा देऊन गेली आणि गाडी कडेला जाऊन थांबली.

त्यांनी इंजिन बंद केलं.

"तू मला सांगितलं कामून नाहीस?" त्यांनी काकूंना विचारलं.

"ओरडले मी," काकू म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात.

"मला ऐकू आलं नाही." ते मागे वळले. "तुला आलं?"

"आलं," मी म्हटलं. "स्पष्ट आलं." आणि मग, शपथ आठवत असतानाच मी म्हणाले, "त्या त्यांच्या आवाजात ओरडल्या, डॉक्टर."

"म्हणजे?"

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी मला रागावायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनीच सांगितलं, सगळं. वॉचमन, दूधवाला, देवघराचं दार. जड आवाजात सांगितलं, त्यांना ऐकू यावं म्हणून.

डॉक्टर ऐकत होते. मग म्हणाले, "त्या आवाजात बोल."

काकू बोलल्या. काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. ते त्या दोघांमधलं होतं आणि मी तिथे केवळ अडकून बसले होते. डॉक्टर त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत राहिले, पेशंटच्या तोंडाकडे बघावं तसं. शेवटी म्हणाले, "अर्धंच येतंय." मग विचारलं, "सात वर्षं?"

"सात."

घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. बोललं असतं तरी ऐकू गेलं नसतं.

दोन दिवस डॉक्टर चाकं घासायला बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात मला थांबवून म्हणाले, "तुला ठाऊक होतं."

"हौ."

"तुझ्या दाढा बघूनच मला कळायला पाहिजे होतं," ते म्हणाले आणि खाली गेले. त्यांनी माझ्यावर राग धरला नाही, हे मला दुपारी कळलं. काकूंनी वर उप्पिटाचा डबा पाठवला होता, आणि डब्याखाली डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'शनिवारी कान दाखवायला जायचंय. तू ये. मला तपासणाऱ्या बाईचं बोलणं समजलं नाही तर तू सांग.'

त्याआधी डॉक्टर मला घेऊन उस्तादांकडे गेले. जुना सायलेन्सर परत बसवायला सांगितला.

"पसंद नै आया, साब?" उस्तादांनी विचारलं.

"बहुत पसंद आया," डॉक्टर म्हणाले. उस्ताद पाना घेऊन गाडीखाली शिरले.

कान तपासणाऱ्या बाई तरुण होत्या. तपासणीचा कागद त्यांनी आमच्यासमोर धरला. रेघ डावीकडून, जड आवाजांच्या बाजूनं, बरी निघाली होती आणि मग बारीक आवाजांकडे जिन्यावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. आधी काय करत होतात, असं त्यांनी विचारलं.

"दातांचा डॉक्टर."

"मग ते ड्रिल," त्या म्हणाल्या. "रोज इतक्या जवळून."

डॉक्टर कागदाकडे बघत होते. "चाळीस वर्षं पेशंटला सांगत होतो," ते म्हणाले. "घाबरू नका, काही होत नाही, नुसता आवाज आहे."

मशीन मिळायला आणखी पंधरा दिवस गेले. ज्या दिवशी मिळालं त्या दिवशीही मी मागच्या सीटवर होते. दोन्ही कानांमागे ते बारकं, करड्या रंगाचं यंत्र लावून डॉक्टर गाडीत बसले. चावी फिरवली, बाहेर पडायला वळायचा दिवा लावला आणि दचकले.

"हे काय टिकटिक करतंय?"

"इंडिकेटर," मी म्हटलं. "पहिल्यापासून करतंय."

त्यांनी तो बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. मग काकूंकडे बघून म्हणाले, "बोल आता."

काकूंनी तोंड उघडलं, पण आवाज आला तो जड. त्यांनी खाकरून पुन्हा बघितलं. पुन्हा तोच. "येत नाहीये," त्या म्हणाल्या. "काय बोलू तेही सुचेना. तुम्ही असं बघायला लागल्यावर कसं सुचेल?"

"काहीही बोल."

गाडी रस्त्याला लागली. संध्याकाळची गर्दी होती, आम्ही पावलापावलानं सरकत होतो. काकूंनी खिडकीबाहेर बघत एक पाटी वाचली. "चष्म्याचं दुकान. डोळे मोफत तपासून मिळतील." आवाज घोगरा होता. पुढची वाचली. "पडद्याचं कापड, सोफ्याचं कापड." तिसरी उर्दूत होती, ती त्यांनी उर्दूत वाचली. चौथी तेलुगूत. नारायणगुड्यापर्यंत आलो तोवर आवाज वर चढत चढत जागेवर आला होता. बारीक, किणकिणता, भराभर. फळांचा रस, मोत्यांचे दागिने, शिवणकाम, टायपिंग, भाड्यानं मिळेल, गाडी लावू नये. डॉक्टर दोन्ही हातांनी चाक धरून समोर बघत होते आणि मधेच म्हणत होते, "हौ. मग?" मागचे लोक हॉर्न वाजवत होते. तेही त्यांना आता ऐकू येत असणार.

आमची गल्ली आली. काकूंनी कोपऱ्यावरच्या शाळेची पाटी वाचली आणि पर्स बंद केली. डॉक्टरांनी वेग जरासुद्धा कमी केला नाही. गल्ली मागे टाकून त्यांनी गाडी सरळ पुढे काढली, जिकडे पाट्या अजून संपल्या नव्हत्या तिकडे.